मानमोडीपासून आजपर्यंत : इन्फ्ल्यूएंझाच्या विषाणूचा शोध



वसंतातल्या अशा प्रसन्न संध्याकाळी साथीच्या रोगावर बोलावयास उभे राहणे थोडेसे अरसिकपणाचे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु आपल्या घरांतील एक जुना शब्द मला या विषयाकडे घेऊन आला. तो शब्द म्हणजे 'मानमोडी'. प्लेग, पटकी, देवी ही नावे आपल्या लोकांना पूर्वीच ठाऊक होती. १९१८ साली जो ताप आला त्याला मात्र आपल्या भाषेत नाव नव्हते. धडधाकट माणूस दोन दिवसांत मान टाकतो, एवढेच लोकांना दिसले आणि त्यांनी त्याला मानमोडी म्हटले. डॉक्टर त्याच रोगाला इन्फ्ल्यूएंझा म्हणत. पण त्या शब्दात तरी अधिक ज्ञान कोठे होते? इन्फ्ल्यूएंझा हा मूळचा इटालियन शब्द. त्याचा अर्थ 'प्रभाव'. आकाशातील ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने हा रोग होतो, अशी जुनी समजूत होती. म्हणजे खेड्यातील आजीबाई काय आणि मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर काय, दोघांच्याही हाती त्या वर्षी केवळ नाव होते. कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

हे कारण माणसाने पुढे कसे शोधून काढले, शोधताना तो कोठे चुकला, आणि 'पुढची जागतिक साथ कोणती?' या प्रश्नाचा पाठलाग करता करता आज तो कोणत्या अवघड वळणावर येऊन उभा राहिला आहे, हा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे.

१९१८ : मुंबई आणि हिंदुस्थान

१९१८ च्या मेअखेरीस मुंबईच्या बंदरात सैन्याची ने-आण करणारे एक जहाज लागले. १० जूनच्या सुमारास गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. मग गोदीतील मजूर, गिरण्यांतील कामगार, कचेऱ्यांतील कारकून अशी एकामागून एक माणसे अंथरुणाला खिळू लागली. ही पहिली लाट तशी सौम्य होती. त्या वर्षी पावसाने दगा दिला, धान्य महागले, आणि अशा अर्धपोटी प्रजेवर सप्टेंबरमध्ये दुसरी लाट कोसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पुढे हा रोग आगगाडीच्या रुळांवरून आणि रजेवर परतणाऱ्या शिपायांबरोबर देशभर पसरला.

हिंदुस्थानात एकंदर किती माणसे दगावली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; तथापि सव्वा कोटीहून कमी आकडा सहसा कोणी मानत नाही आणि काहींचा अंदाज पावणेदोन कोटींच्या पुढे जातो. शिरगणतीत याची खूण स्पष्ट दिसते. आजच्या भारताच्या प्रदेशात १९११ साली सुमारे २५ कोटी २१ लाख लोक होते. दहा वर्षांनी, १९२१ साली, ते २५ कोटी १३ लाख भरले. त्यानंतरच्या कोणत्याही शिरगणतीत आपली लोकसंख्या अशी घटलेली नाही.

यातच आणखी एक आकडा आहे, आणि तो आपण व्याख्यानाच्या शेवटापर्यंत ध्यानात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. मुंबईच्या तत्कालीन नोंदींत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले आहे, त्यांच्यात या साथीचे मृत्यू हजारी ६१ च्या वर होते. युरोपियनांत ते हजारी ८ होते. विषाणू एकच, शहर एकच, हवा एकच. फरक होता तो खोलीचा, अन्नाचा आणि शुश्रूषेचा.

चुकीचा आरोपी

वैद्यकशास्त्राला या रोगाचे कारण ठाऊक नव्हते, असे मी म्हणालो. वस्तुतः याहूनही वाईट अवस्था होती. कारण ठाऊक आहे, अशी त्याची समजूत होती. १८८९-९० साली इन्फ्ल्यूएंझाची एक मोठी साथ जगभर फिरली होती. त्यानंतर १८९२ साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या थुंकीत एक बारीक जंतू पाहिला आणि हाच इन्फ्ल्यूएंझाचा जंतू, असे जाहीर केले. फायफर हा थोर रॉबर्ट कॉख यांचा शिष्य. क्षय आणि पटकी यांचे जंतू शोधणाऱ्या गुरूच्या शिष्याचा शब्द कोण खोटा मानणार?

१९१८ साली जगभरच्या प्रयोगशाळांनी हा जंतू शोधण्यास आरंभ केला. काही रोग्यांत तो सापडे, काहींत सापडत नसे. ज्यांना तो सापडत नसे ते आपलेच तंत्र कच्चे समजून पुन्हा कामाला लागत. आरोपी निर्दोष असेल, ही शंका घ्यावयास पुष्कळ काळ लागला. दरम्यान याच जंतूपासून लशी तयार करून त्या हजारो लोकांना टोचल्या गेल्या. शास्त्राच्या इतिहासात अज्ञानाने जेवढा उशीर होतो, त्याहून अधिक उशीर अर्धवट ज्ञानावरील विश्वासाने होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. त्या जंतूचे शास्त्रीय नाव आजही 'हीमोफिलस इन्फ्ल्यूएंझी' असेच आहे. न केलेल्या गुन्ह्याची खूण तो नावात वागवतो आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत बोस्टनजवळ एक विलक्षण प्रयोग झाला. नौदलाच्या तुरुंगातील साठांवर कैदी शिक्षेच्या माफीच्या आशेने पुढे आले. रोग्यांच्या नाकाघशातील स्राव त्यांच्या नाकात आणि घशात घातला. रोग्यांना त्यांच्या तोंडावर खोकावयास लावले. आणि आश्चर्य असे की, एकालाही इन्फ्ल्यूएंझा झाला नाही! त्यांपैकी पुष्कळांना तो आधीच होऊन गेला असावा, असे आज वाटते. पण त्या वेळच्या डॉक्टरांना काहीच उमगेना. इकडे ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि शार्ल लबाई या फ्रेंच संशोधकांनी रोग्याची थुंकी जंतू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळली आणि गाळलेला द्रवही रोग उत्पन्न करतो, असे नोंदवले. गाळणीतून निसटण्याइतके सूक्ष्म असे काहीतरी आहे, हा बरोबर माग होता. परंतु सर्वांना तो प्रयोग साधेना, आणि साथ ओसरल्यावर जगालाही हा विषय नकोसा झाला.

डुकरे, फेरेट आणि एक शिंक

पुढचा धागा सापडला तो मोठ्या रुग्णालयात नव्हे, तर अमेरिकेतील आयोवा प्रांतातील डुकरांच्या गोठ्यांत. १९१८ च्या पानगळीच्या दिवसांत तेथील डुकरे एकाएकी खोकू लागली, तापाने पडू लागली. जे. एस. कोएन नावाच्या गुरांच्या डॉक्टराने स्पष्ट सांगितले की, घरात माणसांना जे झाले आहे तेच गोठ्यात डुकरांना झाले आहे. डुकरे पाळणारे त्याच्यावर रागावले. अशा बोलण्याने मांसाचा खप बुडेल, ही त्यांची भीती. कोएन आपल्या मतावर ठाम राहिला.

दहा वर्षांनी त्याच आयोवात जन्मलेला रिचर्ड शोप हा तरुण संशोधक या डुकरांकडे वळला. त्यालाही प्रथम फायफरच्या जंतूसारखाच एक जंतू आढळला. पण त्याने तो शुद्ध स्वरूपात वाढवून डुकरांना दिला, तेव्हा डुकरे आजारी पडली नाहीत. मग त्याने आजारी डुकरांच्या फुप्फुसांचा स्राव गाळणीतून गाळून दिला. डुकरे आजारी पडली. १९३१ साली त्याने हे प्रसिद्ध केले. रोगाचे मूळ विषाणूत आहे, हे डुकरांच्या बाबतीत तरी सिद्ध झाले.

१९३३ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये फ्लूची साथ आली. तेथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ हे तिघे शास्त्रज्ञ काम करीत होते. कुत्र्यांच्या एका रोगाच्या अभ्यासासाठी त्या संस्थेत फेरेट पाळलेले होते. फेरेट म्हणजे दिसावयास साधारण मुंगसासारखा, लांबोडका, पाळीव प्राणी. रोग्याने गुळण्या केलेले पाणी गाळून या प्राण्यांच्या नाकात सोडले. दोन दिवसांत त्यांना ताप भरला, नाके वाहू लागली, शिंका सुरू झाल्या. पंधरा वर्षे हुलकावणी देणारा माणसाचा इन्फ्ल्यूएंझा विषाणू प्रथमच हाती आला.

१९३६ साली एका आजारी फेरेटने चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या डॉक्टराच्या तोंडावर शिंक दिली. थोड्याच दिवसांत डॉक्टरसाहेब फ्लूने आडवे झाले, आणि त्यांच्या घशातून पुन्हा तोच विषाणू मिळाला. कैद्यांवरील प्रयोगाने जे सिद्ध झाले नव्हते ते एका प्राण्याच्या शिंकेने सिद्ध झाले! दुसरा पुरावा अधिक गंभीर होता. ज्यांनी १९१८ ची साथ पाहिली होती त्यांच्या रक्तात शोपच्या डुकरांच्या विषाणूला निष्प्रभ करणारी द्रव्ये आढळली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तात ती आढळेनात. मानमोडीचा विषाणू डुकरांच्या अंगी वस्तीला राहिला होता. कोएनचे म्हणणे खरे ठरले.

वेश पालटणारा विषाणू

विषाणू सापडला म्हणजे लस आलीच, असे लोकांना वाटले. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी तो कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वाढवण्याची रीत बसवली, आणि दुसऱ्या महायुद्धात टॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी अमेरिकन सैन्यासाठी लस सिद्ध केली. पहिला अनुभव उत्तम आला. परंतु १९४७ साली ती लस जवळजवळ निरुपयोगी ठरली. लस तीच होती. विषाणू बदलला होता.

हे समजण्यासाठी त्याच्या रचनेची थोडी ओळख हवी. या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने असतात. एच नावाचे प्रथिन म्हणजे जणू किल्ली. तिने तो आपल्या पेशीत शिरतो. एन नावाचे प्रथिन म्हणजे कात्री. तिने तो नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवतो. आपले शरीर मुख्यतः यांवरून त्याला ओळखते. पेशीत शिरल्यावर तो आपल्या वंशलेखाच्या प्रती काढतो, पण नक्कल करण्यात अत्यंत निष्काळजी असतो. प्रतीत चुका होतात, प्रथिनांचे रूप थोडेथोडे पालटते, आणि काही वर्षांत शरीराला जुनी ओळख पुरेनाशी होते. म्हणून फ्लूची लस वारंवार बदलावी लागते.

दुसरा बदल याहून मोठा. या विषाणूचा वंशलेख सलग नसून आठ सुट्या तुकड्यांचा असतो. दोन निराळ्या जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि अगदी नवाच विषाणू बाहेर पडतो. त्याची एच किल्ली माणसांच्या ओळखीची नसेल आणि तरीही तो माणसामाणसांत सहज पसरत असेल, तर जागतिक साथ येते.

हे बदल टिपण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ साली प्रयोगशाळांचे एक जाळे विणले. आज ते सव्वाशेहून अधिक देशांत पसरलेले आहे. भारतातील केंद्र निलगिरीतल्या कुन्नूर येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. त्याच १९५२ साली आपल्या पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था.

या पहाऱ्याची कसोटी १९५७ साली लागली. १७ एप्रिल रोजी वॉशिंग्टनमध्ये मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाने वर्तमानपत्रात हाँगकाँगची बातमी वाचली. दवाखान्यांपुढे रांगा लागल्या आहेत आणि आयांच्या पाठीवरील मुलांचे डोळे तारवटलेले आहेत, असा तीत मजकूर होता. हिलमनने एका महिन्यात तेथील नमुना मिळवला, आणि बहुतेक माणसांच्या रक्तात या विषाणूची ओळखच नाही, हे त्याच्या ध्यानात आले. फक्त काही अतिवृद्धांच्या रक्तात ती होती. बहुधा १८८९ च्या साथीची आठवण. सप्टेंबरात अमेरिकेत साथ येईल, असे त्याने सांगितले आणि कोंबड्या पाळणाऱ्यांना कळवले की, यंदा कोंबडे मारू नका. लशीसाठी फळलेली अंडी लागतील! साथ सप्टेंबरात आली आणि तोवर लसही येऊ लागली होती.

आपल्याकडे तोच विषाणू मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला आलेल्या 'रजुला' जहाजातून उतरला. फेब्रुवारी १९५८ पर्यंत देशात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख रोगी आणि सुमारे अकराशे मृत्यू नोंदले गेले. नोंदीबाहेर किती राहिले असतील, याची कल्पना आपण करावी. १९१८ प्रमाणेच जहाज, बंदर आणि मग आगगाडी, हाच क्रम. पण या वेळी शत्रूचे नाव आणि रूप ठाऊक होते.

भाकिते आणि त्यांची फजिती

१९६८ साली हाँगकाँगहून आणखी एक नवा विषाणू निघाला. हे नवे तुकडे येतात तरी कोठून? याचे उत्तर ग्रेम लेव्हर आणि रॉबर्ट वेबस्टर या दोन मित्रांना पक्ष्यांत मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फिरताना त्यांना मरून पडलेले समुद्रपक्षी दिसले, आणि यांना फ्लूने मारले नसेल ना, अशी शंका आली. पुढे अनेक वर्षे पक्ष्यांचे नमुने तपासल्यावर आढळले की, रानटी बदके आणि पाणपक्षी हेच इन्फ्ल्यूएंझाचे मूळ घर. त्यांच्या आतड्यांत तो बहुधा त्यांना फारसा त्रास न देता नांदतो. १९५७ च्या विषाणूतील तीन तुकडे आणि १९६८ च्या विषाणूतील दोन तुकडे पक्ष्यांकडून आलेले होते. बाकीचे मानमोडीच्याच वंशातले.

आता घर सापडले, रीत समजली; मग पुढचे भाकीतही करता येईल, असा विश्वास वाटणे साहजिक होते. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फोर्ट डिक्स छावणीत एक सैनिक डुकरांच्या फ्लूने मेला. १९१८ परत येत आहे, असे समजून राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सर्व राष्ट्राला लस टोचण्याची योजना जाहीर केली. सुमारे साडेचार कोटी लोकांना ती टोचली गेली. साथ आलीच नाही. उलट लस घेतलेल्यांत सुमारे लाखात एकाला हातपाय लुळे पडण्याचा एक विकार जडला आणि डिसेंबरात योजना थांबवावी लागली.

पुढच्याच वर्षी याच्या उलट घडले. १९७७ साली चीन आणि रशिया यांतून एक साथ निघाली आणि ती प्रामुख्याने पंचविशीच्या आतील तरुणांना झाली. तो विषाणू तपासला तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. १९५० च्या सुमारास जो विषाणू फिरत होता, जवळजवळ तोच हा! सदैव बदलणारा विषाणू पंचवीस-सव्वीस वर्षे न बदलता कसा राहील? निसर्गात नव्हे, तर शीतपेटीत राहील. कोणत्या तरी प्रयोगशाळेतून किंवा लशीच्या चाचणीतून तो निसटला असावा, असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे. साथ ही निसर्गाकडूनच येते, असे यापुढे निःशंकपणे म्हणता येईना.

बर्फातील प्रेत

आता मी ज्या वळणाचा आरंभी उल्लेख केला त्याकडे येतो. अलास्कात ब्रेव्हिग मिशन नावाचे एक चिमुकले गाव आहे. सुमारे ८० वस्तीच्या या गावात नोव्हेंबर १९१८ मध्ये पाच दिवसांत ७२ माणसे मेली. बारमास गोठलेल्या जमिनीत त्यांना एकत्र पुरले गेले. १९५१ साली योहान हुल्टिन हा मूळचा स्वीडनचा विद्यार्थी आयोवा विद्यापीठातून तेथे गेला, गावच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन शेकोट्यांनी जमीन विरघळवली आणि प्रेतांच्या फुप्फुसांचे नमुने आणले. अंड्यांत आणि फेरेटांत त्याने विषाणू वाढवून पाहिला. तो वाढला नाही. हुल्टिन निराश झाला. आज मागे वळून पाहता, त्या साध्या प्रयोगशाळेत तो वाढला नाही, हे आपले नशीबच म्हणावयाचे!

१९९७ साली जेफ्री टॉबेनबर्गर या संशोधकाने १९१८ साली मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांतून विषाणूच्या वंशलेखाचे तुकडे मिळवल्याचे प्रसिद्ध केले. ते वाचून ७२ वर्षांचा हुल्टिन स्वखर्चाने पुन्हा ब्रेव्हिगला गेला. बायकोची बागेतली कात्री त्याने हत्यार म्हणून बरोबर घेतली होती. या वेळी एका स्थूल स्त्रीचे फुप्फुस सुस्थितीत मिळाले. चरबीने त्याचे रक्षण केले होते. कबरीवरचे जुने क्रूस कुजून गेले होते. परतण्यापूर्वी हुल्टिनने नवे क्रूस करून तेथे उभे केले.

२००५ साली मानमोडीच्या विषाणूचा संपूर्ण वंशलेख वाचून झाला, आणि अटलांटा येथील प्रयोगशाळेत टेरेन्स टंपी याने कडेकोट बंदोबस्तात तो विषाणू जिवंत करून दाखवला. उंदीर काही दिवसांत मेले. हा विषाणू पक्ष्यांच्या विषाणूंशी जवळचे नाते सांगतो, आणि त्याचे घातकपण एकाच तुकड्यात नसून अनेकांच्या जुळणीत आहे, हे यातून कळले. परंतु जो विषाणू पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा झाला होता तो माणसाने आपल्या हाताने परत आणला, हेही खरेच.

इकडे १९९७ सालीच हाँगकाँगमध्ये कोंबड्यांचा एच५एन१ हा विषाणू प्रथम माणसांत शिरला होता. अठरा रोगी, त्यांतील सहा मृत्यू. तेथील सर्व कोंबड्या मारून ती साथ थोपवण्यात आली, पण विषाणू पक्ष्यांबरोबर फिरत राहिला. २००६ साली तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटशाळांत आला आणि तेथील लाखो पक्षी मारावे लागले. हा विषाणू माणसाला क्वचित होतो, झाला तर अनेकदा जीव घेतो. मात्र माणसाकडून माणसाकडे सहज जात नाही. जाऊ शकेल काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांना स्वस्थ बसू देईना.

२०११ साली रॉटरडॅमचे रॉन फूशिए आणि विस्कॉन्सिनचे योशिहिरो कावाओका या दोघांनी स्वतंत्रपणे याचे उत्तर दिले. थोडेसे बदल करून आणि एका फेरेटातून दुसऱ्यात नेऊन त्यांनी हवेतून पसरणारा एच५ विषाणू तयार केला. १९३३ साली ज्या प्राण्याने शत्रू दाखवून दिला, त्याच प्राण्याच्या नाकात आता नवा शत्रू घडवला गेला. हे संशोधन छापावे की झाकून ठेवावे, यावर जगभर वाद पेटला. संशोधकांनी आपण होऊन काम वर्षभर थांबवले. २०१२ साली दोन्ही निबंध प्रसिद्ध झाले. २०१४ साली अमेरिकन सरकारने अशा प्रयोगांचे नवे अर्थसाहाय्य रोखले आणि २०१७ अखेर नव्या नियमांसह पुन्हा सुरू केले.

दोन्ही पक्षांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. एक पक्ष म्हणतो, कोणते बदल घातक आहेत हे आधी कळले तर रानातील विषाणूंत त्यांवर लक्ष ठेवता येईल. आग कशी लागते हे जाणल्याखेरीज बंब कोठे ठेवावा हे कसे कळणार? दुसरा पक्ष १९७७ कडे बोट दाखवतो. मजबूत कुलपाचीही किल्ली माणसाच्याच हाती असते आणि माणूस चुकतो. शिवाय प्रयोगशाळेतील मार्गानेच निसर्ग जाईल, याची खात्री कोण देणार?

पुण्याचा अनुभव आणि पुढची वाट

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर काळाने २००९ सालीच देऊन ठेवले होते. सर्व जगाचे डोळे आशियातील कोंबड्यांवर लागले असताना नवी जागतिक साथ उत्तर अमेरिकेतून आणि डुकरांतून आली. ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यात या साथीचा भारतातील पहिला बळी गेला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, रस्तोरस्ती तोंडाला फडकी दिसू लागली. मानमोडीचे कारण सापडण्यास पंधरा वर्षे लागली होती. या विषाणूचा वंशलेख ओळख पटल्यापासून महिन्याच्या आत जगापुढे आला. ज्ञानाची ही मजल अभिमान वाटावा अशीच आहे.

पण लस? बहुतेक लस श्रीमंत राष्ट्रांनी आगाऊ राखून ठेवलेली होती. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची लस तयार केली, ती जुलै २०१० मध्ये बाजारात आली; आणि साथ संपल्याची घोषणा झाली १० ऑगस्ट २०१० रोजी. या अन्यायाची तक्रार इंडोनेशियाने आधीच केली होती. आमच्या रोग्यांचे नमुने तुम्ही नेता, त्यांवरून लशी करता आणि त्या आम्हाला परवडत नाहीत, असे म्हणून त्या देशाने २००७ साली नमुने देणे थांबवले. नमुने अडवल्याने पहाऱ्यालाच भगदाड पडते, हे खरे. पण तक्रार खोटी नव्हती. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेत करार झाला, तो याच तत्त्वावर : जो नमुना देईल त्याला लाभातही वाटा मिळावा.

श्रोतेहो, शंभरांहून अधिक वर्षांच्या या इतिहासातून मी एक निष्कर्ष काढतो. कोणता विषाणू उठेल, हे सांगण्याची विद्या माणसाला साधलेली नाही. १९७६ साली त्याने ज्याला पाहून आरोळी ठोकली तो आला नाही. २००९ साली जो आला त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. २०२४ साली तोच एच५एन१ अमेरिकेत दुभत्या गाईंत पसरलेला आढळला. असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मात्र पहारा जेथे जेथे जागा राहिला, तेथे तेथे दिवस वाचले आणि दिवसांबरोबर माणसे वाचली. म्हणून विषाणू घडवून पाहण्याच्या धाडसापेक्षा कोंबड्यांच्या बाजारात, गोठ्यांत आणि गावोगावच्या दवाखान्यांत नमुने गोळा करण्याच्या नीरस कामाला मी अधिक मोल देतो. घडवून पाहण्याची खरोखरच गरज पडली, तर तो निर्णय केवळ प्रयोग करणाऱ्याने घेऊ नये. कारण त्याची चूक झाली तर तिचे मोल ज्यांना द्यावे लागेल त्यांना कोणी विचारलेले नसते.

आणि मघाचा तो आकडा. हजारी ६१ आणि हजारी ८. विषाणूचे घातकपण प्रयोगशाळेत उंदरांवर मोजता येते. पण साथीचे घातकपण त्याच्या वंशलेखात पूर्णपणे लिहिलेले नसते. त्यातला मोठा भाग आपल्या चाळींत, आपल्या धान्याच्या भावात आणि आपल्या रुग्णालयांच्या दारांत लिहिलेला असतो. तो वाचावयास सूक्ष्मदर्शक लागत नाही, आणि तो बदलणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.